रिकाम्या जागेचा तीन नंबर

आदरणीय अध्यक्ष आप्पासाहेब, व्यासपीठावरच्या सरपंच पुष्पावतीताई, आज ज्यांच्या निरोपासाठी जमलो ते आपल्या स्टँडचे कारभारी, त्यांच्या शेजारी बसलेल्या गोजरबाई वहिनी, आणि चिंचफाटा स्टँडवरच्या जीपवाल्या मंडळींनो, आयाबायांनो,

माझं नाव दोनदा पुकारलं तरी मी उठलो नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. गुडघ्याचं निमित्त सांगता आलं असतं. खरं म्हणजे बोलावं की नको, हेच ठरत नव्हतं. मी सातवी नापास माणूस. कागदावर लिहून आणलंय, पण माझंच अक्षर मला लागत नाही.

कारभारींनी एकतीस वर्षं रोज पहाटे आपल्या गाड्यांच्या बंपरवर खडूनं नंबर टाकला. ज्याचा नंबर त्याची गाडी आधी भरायची. जावयाची गाडीसुद्धा त्यांनी कधी पुढं घेतली नाही. असा माणूस परत मिळायचा नाही.

पण त्यांच्या हातात नियम कुणी दिला? आपणच ना?

मी पहिल्यांदा फाट्यावर जीप आणली तेव्हा तिथं चार टांगे होते. त्यांनी मला हुसकून लावलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. भिमाजी टांगेवाला म्हणाला, "लाव रं माझ्या मागं. रस्ता काय माझ्या बापानं बांधला व्हय?" चार वर्षांत आमच्या जीपांनी त्याचा टांगा बंद पाडला. तरी भेटला की तंबाखू पुढं करायचा.

आम्ही एकोणीस जीपवाले झालो आणि बैठक घेतली. ठरलं काय, तर नव्या गाडीनं तीन वर्षं सकाळी अकराच्या आत लायनीत लागायचं नाही. कॉलेजची पोरं, नागापूरचे कामगार, कचेरीची माणसं, सगळी अकराच्या आत जातात हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच अकरा. मीही हात वर केला. कागद वाचला नव्हता, पण वाचला असता तरी केला असता.

बजरंग ऊसतोड सोडून जीप घेऊन आला. पावणेतीन वर्षं दुपारी उभा राहिला. तेवढ्यात आपण तीनाची पाच वर्षं केली. तो कारभारींना म्हणाला, "दादा, तीन म्हयने राहिले व्हते." कारभारी म्हणाले, "मी काय करू बजरंगा? मी निस्ता खडू हाय." पुढं पाचाची सात झाली. बजरंगनं गाडी विकली आणि पुन्हा कोयता घेतला. आपल्यापैकी कुणाला त्या दिवशी जेवण गेलं नाही असं झालं का?

आता त्याची लेक धनश्री लायसन, बॅज काढून गाडी घेऊन आली. आपण काय केलं? मागच्या महिन्यात साताची दहा केली. सभासदाच्या घरातल्याला मात्र पहिल्या दिवसापासून सकाळ. अध्यक्षांनी रागावू नये, पण तुमच्या पुतण्याची, ओमची गाडी आठवड्यात पाच नंबरला लागली. दहा वर्षं म्हणे! मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. हात वर करणाऱ्यांतले किती जण तेव्हा हात वर करण्याजोगे असतील?

पोरगी माझ्या दारात आली. म्हणाली, "अण्णा, अकरानंतर फाट्यावर कुत्री बसत्यात. ती नेऊ का पाथर्डीला?" दसऱ्यानंतर ऊसतोड टोळीचा ट्रक येणार. तोवर सकाळचा नंबर मिळाला नाही तर ती आईबापासोबत उसात जाणार. त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

घड्याळ दाखवू नका आप्पासाहेब, संपवतोच.

माझा ठरलेला नंबर तीन. माझा मुलगा राम नागापूरला कंपनीत आहे, तो जीपला हात लावत नाही. दोन महिने माझी गाडी दारात उभी आहे. तरी रोज सकाळी दोन आणि चार नंबरच्या मध्ये एका गाडीची जागा मोकळी ठेवतात. मी परवा जाऊन पाहिलं. मोकळ्या जागेला नंबर आहे, आणि पलीकडं चिंचेखाली धनश्रीची गाडी नुसती उभी. मला माझीच लाज वाटली.

आणि गंमत बघा. आज या कार्यालयात वहिनी आणि बाकीच्या आयाबाया कुणाच्या गाडीतून आल्या? धनश्रीच्या. अकरा वाजून गेले होते ना.

गाडी बाहेरच उभी आहे. कारभारी, नवा माणूस उद्या येणार, आज संध्याकाळपर्यंत स्टँड तुमचं आहे. खडू तुमच्या खिशात आहे, मघाशी शाल घेताना सदऱ्याला लागलेला मी पाहिला. जाताना तिच्या बंपरवर माझा तीन टाका. नियमात बसत नसेल तर नियम मोडल्याचं माझ्या नावावर लिहा.

आणि आप्पासाहेब, तो आकडा उद्या पुसायचा की ठेवायचा, हे समितीनं दसऱ्याच्या आत सांगावं. मोबाईल मी उशालाच ठेवतो.

वडीलधाऱ्यांचा, पाहुण्यांचा, ऐकून घेतलं त्या सगळ्यांचा मी आभारी आहे. तोंडून कमीजास्त गेलं असेल ते पोटात घाला. पण हो की नाही, तेवढं लवकर कळवा.