लोहगडावरची हाक

बरकत: आता तरी लावा की सूर, सोपानराव. गडावर मी आलो नाय, गुडघा सांभाळत खाली गाडीपाशी थांबलो. पण भाज्याच्या लेण्याच्या ह्या पायऱ्या चढलो, त्या फक्त तुमचं ऐकायला. गॅरेजला कुलूप लावून आलोय, राव.

कौशल्याबाई: भाईजान, नका त्यांना बोलायला लावू.

बरकत: बोलायला कुठं, गायला सांगतोय, वहिनी. एकादशीपासून मौन धरलंय, चहा पाहिजे तरी बोटानं खुणा. कशासाठी? पोरवयात जिथं गळा तयार केला, त्या लेण्यात एक अभंग म्हणायचा, म्हणूनच ना? सोमवारी डॉक्टर आवाजाची पेटीच काढणार. मग कधी?

सोपानराव: (कुजबुजत) न्हाई... निघत.

बरकत: काय म्हणाले?

कौशल्याबाई: निघत न्हाई म्हणत्यात. गेला आवाज. गडावरच गेला.

बरकत: असा कसा जाईल? सकाळी पिंपळे गुरवला गाडीत बसताना मौन असूनही हळूच ‘रामकृष्ण हरी’ म्हणाले की.

कौशल्याबाई: वर धुकं लई हुतं. गड बघायचा हट्ट बी माझाच. ह्यांच्या कीर्तनाला आलेल्यांच्या पंगती वाढण्यात जन्म गेला, घोराडेश्वराच्या डोंगरापुढं कधी गेले न्हाई. म्हणलं, पाण्याचं टाकं तेवढं बघून येते. तिथं भिंतीआड जरा टेकले. ह्यांना मी दिसंना. पुढं कडा. ह्यांना वाटलं, गेली.

बरकत: या अल्ला! मग?

कौशल्याबाई: हाका मारल्या. पहिली खणखणीत, सगळा गड दणाणला. दुसरी चिरकली. तिसरीला नुसती हवा.

बरकत: ‘अगं’ म्हणून?

कौशल्याबाई: न्हाई. नाव घेऊन.

बरकत: तुमचं नाव? इतकी वर्षं तुमच्या ओट्यावर बसतोय, ‘अगं’ नायतर ‘ऐकलं का’, ह्याच्या पुढं गडी गेला नाय. टाळकऱ्यांनी चेष्टा केली तर म्हणायचे, ह्या तोंडात नाव एकट्या देवाचं.

सोपानराव: (कुजबुजत) शेवटचा सूर... इठ्ठलाला... बोललो हुतो.

कौशल्याबाई: ऐकलंत? देवाचा हुता तो. माझ्यापायी गेला.

बरकत: असं नका म्हणू, वहिनी. जीव वाचावा म्हणून मारलेली हाक, ती पण इबादतच. आणि तसल्या धुक्यात तुम्हाला तरी काय ऐकू येणार?

कौशल्याबाई: आलं हुतं.

बरकत: काय?

कौशल्याबाई: अहो, इकडं बघा माझ्याकडं. पहिल्याच हाकंला ऐकलं मी. भिंतीला पाठ लावून बसले हुते. लग्न करून आले तवापासून मी बुवांची मंडळी, पोरगा झाल्यावर अजिंक्यची आई. कौशल्या म्हणून कुणी हाक मारलीच न्हाई. वाटलं, अजून एकदा म्हणावं. म्हणून ओ दिली न्हाई.

(सोपानराव कौशल्याबाईंच्या समोर येऊन त्यांच्याकडं बघतात.)

बरकत: वहिनी, ओठ हलतायत त्यांचे. काय म्हणतायत?

कौशल्याबाई: दिसतंय मला, भाईजान. ऐकू येत न्हाई.