खंडेनवमीचं कुंकू

बीडला जमीलभाईंच्या दुकानात माझा टेपरेकॉर्डर दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. तेवढ्यात नेकनूरच्या दूध सोसायटीचे गहिनीनाथ गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर पोटाशी धरून आत आले.

"जमीलभाई, सांजच्याला मीटिंग हाय. हा चालू न्हाई झाला तर चेअरमन ह्याला भंगारात घालतेत अन् मला घरी."

"तुमाला का म्हून?"

"दुष्काळानं दूध निम्म्यावर आलंय. ऑपरेटर पोसायचा कशाला, म्हन्तेत. बघा की लवकर!"

"बघतो, बसा तर आधी. कधीपासून बंद हाय?"

"खंडेनवमीपासून."

"पूजा केलती?"

"म्हंजे काय! हार घातला, नारळ फोडला, कुंकू लावलं."

"कुठं लावलं?"

"तोंडाला."

"ह्याला तोंड कुठंय, अण्णा?"

"ही काय, फ्लॉपी घालायची फट."

"या अल्ला! लावलं कुठं, चिमटी चिमटीनं भरवलंय की!"

"हसू नका हो. जीव टांगणीला लागलाय माझा."

"ह्याला हार्डडिस्क न्हाई. सगळं फ्लॉपीवरनंच वाचतो, अन् वाचायचं हेडच तुमी लाल करून ठिवलं. थांबा, स्पिरिटनं पुसतो... हं, घाला आता फ्लॉपी."

"तुमीच घाला. मी आता ह्याच्या तोंडाला हात लावत न्हाई."

"घातली. ऐका, कुरकुरतोय."

"म्हंजे बरं का वाईट?"

"बरं. आली बघा पडद्यावर हिरवी अक्षरं. आता बंद करतो, बांधा गोधडीत."

"बंद? न्हाई, न्हाई! तिथं पुन्ना चालूच न्हाई झाला तर?"

"होतोय हो."

"तुमची वायर किती लांब हाय, जमीलभाई?"

"नेकनूरला पुरंल एवढी न्हाई, अण्णा."

"मग बस लागंस्तोवर तरी चालू ऱ्हाऊ द्या."