मागच्या सीटवरची टोपी

मी, वय ५३ वर्षे, धंदा घरी कपडे शिवणे, कायमचा पत्ता वर दिल्याप्रमाणे, सध्या मुक्काम बसस्थानकासमोरचे लॉज, दुसरा मजला. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे:

मी व माझी धाकटी जाऊ, वय ४१, अशा दोघी शहर बघायला आलो आहोत. पुरुषमंडळी सोबत नाहीत. आज सकाळी निघताना, मी शिवलेला नवा निळा ड्रेस तिला डाव्या काखेत घट्ट झाला. माप घेताना तूच श्वास रोखून उभी होतीस, असे मी तिला ऐकवले. खाली बस हॉर्न देत होती. मी शिवण उसवून सैल केली. निळा दोरा जवळ नव्हता म्हणून पांढऱ्यानेच टाके घातले.

ती म्हणाली, "ताई, पांढरा दिसेल ना."

मी म्हणाले, "काखेत कोण बघायला येणार आहे?"

त्यावर तिने गाल फुगवले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते.

बसमध्ये गाइडने सर्वांना पिवळ्या टोप्या वाटल्या. टोपी म्हणजे माणूस, असे तो म्हणाला, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे उभा राहून टोप्याच मोजत होता. जाऊ अगदी मागच्या सीटवर जाऊन बसली. मी पुढे एका निवृत्त मास्तरांशेजारी बसले. दोघी बहिणी का, असे त्यांनी विचारले. जावा आहोत म्हटल्यावर ते म्हणाले, तरीच. सगळे हसले. मीही हसले.

दुपारी घड्याळाच्या मनोऱ्यावर गेलो. जाऊला लिफ्टची भीती वाटते. वर जाताना, अबोला असूनही, तिने माझा दंड धरला होता. उतरताना लिफ्टमध्ये एकाच माणसाची जागा उरली होती. मी शिरले. दार लागेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती आणि मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होते.

बस सुटताना गाइडने तुमच्या जाऊबाई आल्या का, असे विचारले. मी मान वळवली. मागच्या सीटवर पिवळी टोपी दिसली. आलीय, असे मी सांगितले. उठून पाहिले नाही. गेले असते तर मीच आधी बोलल्यासारखे झाले असते.

संग्रहालयापाशी सगळे उतरले, ती टोपी उतरली नाही. मागे जाऊन पाहिले तर टोपी तिच्या पर्सवर ठेवलेली होती. पर्समध्ये तिचा फोन. बस परत नेली. मनोऱ्याच्या फाटकावरच्या रखवालदाराला काही माहीत नव्हते. मास्तर माझ्याबरोबर हाका मारत फिरले. त्यांना पुन्हा विनोद सुचला नाही.

ठाण्यात बसले असताना तिच्या फोनवर दिराचा फोन आला. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "वहिनी, तिला द्या जरा." मी म्हणाले, "झोपलीय ती." तोंडातून असे का गेले, ते सांगता येत नाही.

जबाब चालू असताना हवालदारांनी सांगितले की, मनोऱ्याचा मागचा जिना दुसऱ्या रस्त्यावर उतरतो. त्या जिन्यात पडलेली एक अनोळखी बाई दुपारीच इस्पितळात नेली आहे. अंगावर निळा ड्रेस आहे. शुद्ध नाही. निळे कपडे पुष्कळ बायका घालतात, काही खूण सांगा, असे ते म्हणाले.

डाव्या काखेत बघायला सांगा, असे मी म्हणाले.

त्यांनी इस्पितळात फोन लावला, तिकडची नर्स बघायला गेली. ती माझीच जाऊ असावी की नसावी, काय मागावे ते मला कळत नव्हते. मग हवालदारांनी फोन कानाला धरूनच मला विचारले, "पांढरा दोरा? मोठे मोठे टाके?"

"घाईत घातलेत," मी म्हणाले. "एरवी माझे टाके असे नसतात."

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. फक्त 'झोपलीय ती' एवढे खोडता येईल का, असे मी विचारले. खाडाखोड चालत नाही, असे सांगण्यात आले. सही करून इस्पितळाकडे निघत आहे.