जीपचा प्लग

मला भांडखोर म्हणता ना, मग हेही ऐका. घोलवडच्या आमच्या चिकूवाडीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी मामाने झोपायची सोय असलेला ट्रेलर घेतलाय. तो जीपमागे जोडून आम्ही तलासरीकडच्या डोंगरात जातो. जीप चालू असली की वायरीतून ट्रेलरची बॅटरी चार्ज होते, आतला फ्रीज चालतो. पण जीप थांबली की मामा आधी मागे जाऊन त्या वायरीचा प्लग काढायचा.

परवा पाहुणे ओढ्याकडे गेले आणि मी भडकले. "मामा, फ्रीजमध्ये त्यांचं जेवण आहे. दरवेळी प्लग कसला काढतोस?"

"पोरी, इंजिन बंद असलं की फ्रीज जीपची बॅटरी खातो."

"मी डिग्री घेतलीय. तुला काय कळतंय? हात लावू नकोस!"

त्याने खरंच हात लावला नाही.

तीन तासांनी निघालो, तर जीप नुसती टिकटिक करून गप्प. पाहुण्यांची डहाणू रोडहून ट्रेन होती. ट्रेलर सोडवला आणि भर उन्हात सगळ्यांनी, पाहुण्यांतल्या साठीच्या काकूंनीसुद्धा, जीप ढकलली. ती सुरू झाली तेव्हा काकूंना धाप लागली होती.

"झालं तरी काय?" त्यांनी विचारलं.

"माझंच चुकलं," मामा म्हणाला. "प्लग काढायचा राहिला."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी काकूंपुढे पाण्याची बाटली धरली.

ट्रेन कशीबशी मिळाली. चढता चढता काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "वय झालंय गं मामांचं. जरा सांभाळून घेत जा."

आणि मी मान डोलावली.