पुनावळे ते चाकण, वीस मिनिटांत

गेमचे मॅप बनवायचा नाद सोडला का, असं परवापासून तिसऱ्यांदा विचारताय, म्हणून सांगतो. सोडलेला नाही. पण आमच्या कंपनी बसचे ड्रायव्हर शिंदेमामा, त्यांनी त्यातली हवाच काढून घेतली राव.

मी फायनान्सला. महिनाअखेरचं क्लोजिंग आटोपलं की जे दोन रविवार हाताशी उरतात, त्यांत बायकोची बोलणी खात मी बस चालवायच्या एका व्हिडिओ गेमसाठी रस्ते बनवतो. सहा महिने खपून पुनावळे ते चाकण हा आमचा रोजचा अख्खा रस्ता केला. त्यावर कंटेनर नाही, खड्डा नाही, दुसरी गाडीच नाही.

परवा सकाळी चाकणच्या अलीकडे बस जागची हलेना. मामांनी शेवटी इंजिन बंद केलं. मी लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "मामा, चालवा. आपलाच रस्ता आहे."

मामांनी एकदाही ब्रेक न लावता वीस मिनिटांत बस आमच्या कंपनीच्या गेटवर नेली. गेट मी हुबेहूब केलंय, वॉचमनच्या मोडक्या खुर्चीसकट.

"लई भारी साहेब. आता पुढं?"

"पुढं काही नाही. पोचलो की गेम संपला."

 मामांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला.

"म्हंजे सुट्टीच्या दिवशी घरी बसून एवढा मोकळा रस्ता केला, आन् न्येला कुठं, तर कंपनीतच व्हय?"