कोणतं टेबल कललेलं?

सुरतेच्या त्या डावाला मी हजर नव्हते, हे आधीच सांगते. दिनूबरोबर मामा गेला होता, आणि मामाचं सांगणं थोडं वजा करूनच घ्यावं लागतं.

दिनू माझा धाकटा भाऊ, तेव्हा सतरा वर्षांचा. नंदुरबारच्या क्लबाने सभासदांशी स्नूकर खेळायला त्याला पगारी ठेवलं होतं. सुरतेच्या मोठ्या क्लबाने पारखायला बोलावलं. तिथे निवड झाली नाही, तर वडील त्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावणार होते.

मामाच्या म्हणण्याप्रमाणे, दिनूने हळू मारलेला प्रत्येक चेंडू खिशाच्या उजवीकडे सरकत होता. शेवटी तो इथल्या टेबलाबद्दल मामाच्या कानाशी लागला. "मामा, आठलं टेबल कलतं शे."

"गप ऱ्हाय. पाहुना शेस तू."

पण तो क्लबाच्या चिटणिसांना बोललाच. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, आ टेबल सीधुं छे. तुमच्या नंदुरबारचं कधी तपासलंत?"

दिनू हरला. महिन्याने पुन्हा ये, एवढी सवलत मात्र त्यांनी दिली.

तो परतल्यावर मी गवंड्याकडून सपाटी तपासायची पाणसळ मागून आणली आणि आपल्या क्लबातल्या टेबलावर ठेवून पाहा, म्हणून त्याच्या हातात दिली. त्याने ती माझ्यापुढे सरकवली.

"आक्का, आपलंच कलतं निंघनं, ते मी इतला दिन काय शिकनू?"

"कळलं तर महिन्यात खेळणं सुधारता येईल."

"आनि नही सुधरनं ते?"

पाणसळ मी तशीच गवंड्याला परत केली. दिनू दुसऱ्यांदा सुरतेच्या गाडीत बसला, तेव्हाही दोहोंपैकी कोणतं टेबल कललेलं आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.