पुंजाराम आबांच्या कॅप्सूलची उगवण

आकांक्षा : आबा, निकाल लागला. आई निर्दोष सुटली.

पुंजाराम : कोणचा निकाल? कोणाची आई?

आकांक्षा : माझी आई. तुमची सून. ही काय, समोर भाकरी थापतेय.

पुंजाराम : तिच्यावर आरोप होता? म्या तर आत्ताच ऐकून राह्यलो.

दैवशाला : घ्या! आख्ख्या तीर्थपुरीच्या बाजारात सांगत फिरले, सून माझ्या पित्ताच्या कॅप्सूलमधलं औषध काढून राजगिरा भरती. अन् आज म्हणं आत्ताच ऐकलं.

पुंजाराम : म्या नाव घेतलं न्हाई. एवढंच म्हणलो, घरातलंच कोणीतरी.

दैवशाला : पोरगी संभाजीनगरला शिकायला, हिचे पप्पा अंकुशनगरला कारखान्यावर. घरात तुमी अन् मी. मंग उरलं कोण, म्हैस?

पुंजाराम : म्हशीवर शक घ्यायला कायतरी पुरावा लागंल.

आकांक्षा : आबा, नीट ऐका. आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्रोजेक्टात तुमचं रक्त तपासलं. माणसाच्या लिव्हरात औषध मोडणारं एक एन्झाइम असतं. ते बनवायचा हुकूम एक जीन देतो. त्याचं नाव सीवायपी-टू-सी-नाइन्टीन.

पुंजाराम : नाव तर संकरित कपाशीचं वाटून राह्यलं.

आकांक्षा : तुमच्यात तो जीन फार जोरात आहे. कॅप्सूल खरीच असते, पण तिनं काम करायच्या आत तुमचं लिव्हर तिला मोडून मोकळं होतं. म्हणून पित्त हटत नाही. डॉक्टर आता दुसरं औषध देतील.

पुंजाराम : मंग आतले ते बारीक पांढरे दाणे?

आकांक्षा : तेच औषध.

पुंजाराम : राजगिराच होता. म्या तपासणी केलती.

आकांक्षा : कसली तपासणी?

दैवशाला : सांगा की. नातीपुढं लाज कसली?

पुंजाराम : बियाण्याची करतेत तशी. कॅप्सूला फोडल्या, शंभर दाणे ओल्या गोणपाटावर रांगेनं मांडले, गुंडाळी केली. सकाळ-सांज पाणी शिंपडलं.

आकांक्षा : मग?

पुंजाराम : एकबी उगवला न्हाई.

आकांक्षा : म्हणजे तो राजगिरा नव्हता! झालं की सिद्ध.

पुंजाराम : सिद्ध हे झालं, की हिनं राजगिराबी बोगस भरला.

दैवशाला : ऐकलंस? अन् खरं औषध म्हणं मी केदारखेड्याला संपतला धाडती. माझ्या सख्ख्या भावाला.

पुंजाराम : मंग त्याचं पित्त उतरलं कसं? इथं मी आंबट ढेकरा देऊन राह्यलो, अन् तो बिलकुल बिनघोर ठेचा खाऊन राह्यला.

आकांक्षा : मामाला त्याच्या डॉक्टरनं तीच कॅप्सूल लिहून दिली. त्याचा जीन साधा असेल, त्याला गुण आला.

पुंजाराम : अन् माझ्यात हा जीन घातला कोणी?

आकांक्षा : घातला नाही कोणी. आईवडलांकडून येतो.

पुंजाराम : म्हंजी वारसानं! मंग सोमेश्वरला काय आलं?

आकांक्षा : धाकट्या आबांना? आला असेल, नसेलही.

पुंजाराम : बराबर. रस्त्याकडची जमीन भावाला, अन् जीन मला. वाटणीच्या वक्ताला एकजण बोलला न्हाई.

दैवशाला : मामंजी, वाटणी राहू द्या. भाऊबीजेला संपत आल्ता, पण गाडीवरून खाली उतरला न्हाई. मी रस्त्यात उभी राहून ओवाळलं, गाडी चालूच. धुरानं दिवा दोनदा इझला. पाणी दिलं तर म्हणला, नको ताई, ह्यातबी औषध निघंल. हसला, पण पिला न्हाई.

पुंजाराम : त्याला तहान नसंल.

दैवशाला : त्यो माझ्या घरचं पाणी पीत न्हाई, मामंजी. एक फोन करा. म्हणा, माझं चुकलं, घरी ये.

पुंजाराम : माझं कुठं चुकलं? चुकलं तर जीनचं.

दैवशाला : मंग जीनच्या तर्फे करा.

आकांक्षा : हे घ्या आबा, तुमच्याच फोनवरून लावला. मामालाच लागलाय. बोला.

(फोन वाजत राहतो. मग तिकडून कापला जातो.)

पुंजाराम : बघितलं? कापला! माणूस फोन कवा कापतो? कायतरी लपवायचं असल्यावर.

आकांक्षा : आबा, तुमचा नंबर बघून कापला त्यानं!

पुंजाराम : तेच म्हणून राह्यलो. त्याचंबी रक्त घ्या तपासायला.

दैवशाला : आकांक्षा, तुझ्या कॉलेजातल्या मोठ्या मॅडमला एक अर्ज लिही.

आकांक्षा : कशाचा गं?

दैवशाला : लिही तू. अर्जदार दैवशाला, मुक्काम पोस्ट तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. विनंती अर्ज करण्यात येतो की, आमच्या सासऱ्यांच्या अंगात औषध जेवढ्या जल्दी मोडतं, तेवढ्याच जल्दी शक मोडंल, असा एखादा जीन आपल्याकडे शिल्लक असल्यास तो त्यांच्या नावे, पुढच्या भाऊबीजेच्या आत, मंजूर करण्यात यावा.